सामुराईत १.९ टीडीआय डिझेल इंजिन बसवायचे आहे : गिअरिंग आधी ठरवावे की इंजिन?

खडकवाट (प्रश्न)

माझ्याकडे सुझुकी सामुराई आहे. तिचे १.३ लिटरचे पेट्रोल इंजिन आता थकले आहे. दोन बोअरमध्ये कॉम्प्रेशन कमी दाखवते आणि चढावर तेल जाळते. गाडीला मी ३० इंची टायर घातले, तेव्हापासून तर पाचवा गिअर जवळजवळ निरुपयोगीच झाला आहे. म्हणून इंजिनाची दुरुस्ती करण्याऐवजी फोक्सवॅगनचे १.९ लिटरचे टर्बो डिझेल इंजिन, म्हणजे ६६ किलोवॅट आणि २१० न्यूटन-मीटरचे टीडीआय, बसवावे असा विचार आहे. गिअरबॉक्स सामुराईचाच ठेवून मध्ये ॲडॉप्टर प्लेट (परके इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारी जाड चकती) घालायची आहे.

याच वेळी ट्रान्स्फर केसमध्ये, म्हणजे पुढच्या-मागच्या एक्सलना ताकद वाटणाऱ्या पेटीत, ४.१६ गुणोत्तराचा लो-रेंज (अवघड वाटांसाठीचा सावकाश टप्पा) संचही टाकावा असे मनात आहे, कारण गाडी एकदाच उघडायची आहे. या संचामुळे हाय रेंजही (रस्त्यावरचा नेहमीचा टप्पा) मूळच्यापेक्षा सुमारे १२ टक्के खाली येते. गाडीचा वापर मुख्यतः दगडधोंड्यांच्या आणि चिखलाच्या वाटांवर आहे, पण तिथवर शंभर-दीडशे किलोमीटर पक्क्या रस्त्याने जावे लागते. इंजिन अजून घेतलेले नाही. ज्यांनी हे काम स्वतः केले आहे त्यांनी कोणत्या गोष्टी आधी ठरवाव्यात आणि कोठे हात पोळले, हे सविस्तर सांगितले तर मोठी मदत होईल.

गिअरपेटी

आपण इंजिन अजून घेतलेले नाही ही चांगली गोष्ट आहे, कारण इंजिनाच्या आधी एक संध्याकाळ कागद-पेन्सिल घेऊन बसणे आवश्यक आहे. डिझेलची ताकद खालच्या फेऱ्यांत असते. या टीडीआयचा पूर्ण टॉर्क १९०० आरपीएमलाच मिळतो, तर तुमच्या पेट्रोल इंजिनाला त्यासाठी तीन ते साडेतीन हजार गाठावे लागतात. म्हणून पेट्रोलसाठी बरोबर असलेले गिअरिंग डिझेललाही बरोबरच असेल असे धरून चालता येत नाही.

आता आकडे पाहू. सामुराईचा पाचवा गिअर ०.७९५, ट्रान्स्फर केसची हाय रेंज १.४०९ आणि एक्सलचे गुणोत्तर ३.७२७. तिन्हींचा गुणाकार ४.१७ च्या आसपास येतो. ३० इंची टायरचा परीघ सुमारे २.३९ मीटर धरला, तर ताशी ८० किलोमीटरला इंजिन साधारण २३०० आणि १०० ला २९०० आरपीएमवर फिरते. टीडीआयसाठी हे उत्तम आहे. म्हणजे ज्या टायरांनी तुमच्या पेट्रोल इंजिनाचा जीव काढला, तेच टायर मूळ गिअरिंगसह डिझेलला अगदी नेमके बसतात. गाडीचे गिअरिंग न बदलता इंजिन जुळते आहे, असा योग फार कमी वेळा येतो. तेव्हा हाय रेंजला हात लावू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरा हिशोब टॉर्कचा. पहिला गिअर ३.६५२, मूळ लो रेंज २.२६८ आणि एक्सल ३.७२७ मिळून सुमारे ३१ पट होतात. आजचे इंजिन साधारण १०० न्यूटन-मीटर देते, म्हणजे एक्सलपर्यंत ३१०० च्या आसपास पोचतात. टीडीआयने तेच साडेसहा हजारांच्या घरात जातील. हा दुप्पट भार कोणकोणत्या भागांतून जाणार आहे हे गाडीखाली आडवे होऊन एकदा पाहून घ्या. सामुराईत ट्रान्स्फर केस गिअरबॉक्सला जोडलेली नसते. ती वेगळी, तीन रबरी माउंटिंगवर टांगलेली असते आणि मध्ये एक छोटा प्रोपेलर शाफ्ट असतो. जोर आला की ही पेटी जागच्या जागी पिळवटते. माझ्या गाडीत पहिल्या दोन महिन्यांतच एका माउंटिंगचा हात मुळापासून फाटला आणि पेटी शाफ्टसह खाली लोंबली. चेसिसच्या दोन्ही बाजूंना धरणारा भक्कम आधार मी आधीच करून घेतला असता, तर खडकाळ चढावर रात्र काढावी लागली नसती. इंजिन बसवण्याआधी हे काम करा.

डायलगेज

गिअरिंगबद्दल वर आले आहेच, मी फक्त ॲडॉप्टर प्लेटबद्दल लिहितो, कारण या कामात सर्वांत जास्त नुकसान तिथे होते आणि ते दिसत नाही.

इंजिनाच्या क्रँकशाफ्टचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचा मध्य एकाच रेषेत असायला हवा. प्लेट चार-सहा बोल्टांनी घट्ट बसली म्हणजे मध्य जुळला असे नसते. बोल्टाचे भोक बोल्टापेक्षा थोडे मोठेच असते. बोल्ट फक्त आवळतात, जागा धरण्याचे काम डॉवेल पिनांचे असते. माझी प्लेट एका कारखान्यात करून घेतली होती आणि दिसायला ती देखणी होती. गाडी सुरू झाली, चालली, मी खूश झालो. काही आठवड्यांनी क्लच दाबल्यावर चिवचिव असा बारीक आवाज येऊ लागला, मग पहिला गिअर टाकताना अडखळू लागला, आणि शेवटी गिअरबॉक्स उतरवला तेव्हा पायलट बेअरिंगच्या (इनपुट शाफ्टचे टोक धरणाऱ्या बेअरिंगच्या) जागी केवळ तपकिरी चुरा शिल्लक होता. क्लच प्लेटच्या मधल्या हबचे रिव्हेटही सैल झाले होते.

त्यानंतर फ्लायव्हीलला डायल गेज (सूक्ष्म फरक मोजणारे काट्याचे साधन) लावला, त्याचे टोक बेल हाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या कवचाच्या) मधल्या भोकाच्या कडेवर टेकवले आणि क्रँक हाताने एक पूर्ण फेरा फिरवला. काटा एकूण ०.४० मिलिमीटर हलला. साधारणपणे हे वाचन ०.१३ मिलिमीटरच्या आत असावे असे मानतात. लक्षात घ्या की मध्य प्रत्यक्षात जितका सरकलेला असतो त्याच्या दुप्पट वाचन दिसते, त्यामुळे माझा दोष ०.२० चा होता. डोळ्यांना तो कधीच दिसला नसता. प्लेटमधील डॉवेल काढून, जागा नव्याने धरून, पुन्हा भोके पाडली तेव्हा आवाज कायमचा गेला.

तुम्ही प्लेट तयार घ्या किंवा करून घ्या, गिअरबॉक्स चढवण्यापूर्वी हे मोजमाप स्वतः करा. त्याच वेळी आणखी तीन गोष्टी तपासा: इनपुट शाफ्टचे टोक पायलट बेअरिंगमध्ये पुरेसे आत जाते का, क्लच प्लेटचे दाते सामुराईच्या शाफ्टला आणि तिचा व्यास फ्लायव्हीलला जुळतो का, आणि स्टार्टरचे दाते फ्लायव्हीलच्या रिंगमध्ये पूर्ण खोलीपर्यंत बसतात का.

खडकवाट

दोघांचेही मनापासून आभार. टायरचा हिशोब मी कधीच उलट बाजूने केला नव्हता. इंजिनाच्या वायरिंगबद्दल विचारायचे राहिले. मला मिळत असलेल्या इंजिनाचा पंप इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा आहे. तो तसाच ठेवावा, की पूर्ण यांत्रिक पंप बसवावा? आणि ब्रेक, डिझेल टाकी वगैरे बाबतीत काही विसरतो आहे का?

धूरवाट

पंपाबद्दल माझा अनुभव असा आहे की निर्णय इंजिनावर नव्हे, तुम्ही ते कसे विकत घेता यावर अवलंबून असतो. अपघातग्रस्त पण चालू स्थितीतील अख्खी गाडी मिळत असेल, तर तिचे वायरिंग, ईसीयू (इंजिनाचा नियंत्रक संगणक), ॲक्सिलरेटर पेडल, इमोबिलायझरसह (चोरीरोधक कुलूप) मीटर पॅनेल आणि किल्ली हे सर्व एकत्र काढून घ्या आणि इलेक्ट्रॉनिक पंपच ठेवा. तो नेमके इंधन देतो आणि धूर कमी करतो. नुसते इंजिन मिळत असेल आणि वायरिंग कापलेले असेल, तर यांत्रिक बॉश व्हीई पंप करून घेणे बरे. त्याला चालू राहण्यासाठी फक्त स्टॉप सोलेनॉइडला (इंधन बंद करणाऱ्या विद्युत झडपेला) १२ व्होल्ट लागतात, ग्लो प्लगला (थंड इंजिन सुरू करताना तापणाऱ्या प्लगला) वेगळा रिले द्यावा लागतो आणि बाकी काही नाही. मात्र कोणताही जुना व्हीई पंप चालत नाही. हे थेट इंजेक्शनचे इंजिन असल्याने प्लंजर आणि कॅम प्लेट त्याच प्रकारच्या इंजिनाला साजेशी हवी, आणि जोडणी करणाऱ्याकडे पंप तपासण्याचा बेंच हवा.

ब्रेकबद्दल विचारलेत ते बरे केले. डिझेल इंजिनात हवेचा मार्ग अडवणारा थ्रॉटल नसल्याने मॅनिफोल्डमध्ये पेट्रोलसारखा व्हॅक्यूम तयार होत नाही. जुनी नळी मॅनिफोल्डला जोडून ठेवली, तर ब्रेक बूस्टर (व्हॅक्यूमच्या जोरावर ब्रेक हलका करणारा भाग) काम करणार नाही. टीडीआयला स्वतःचा व्हॅक्यूम पंप असतो. जागा होत नाही म्हणून तो काढून टाकण्याचा मोह होऊ देऊ नका आणि बूस्टरची नळी त्यालाच जोडा. टाकी पूर्ण धुऊन कोरडी करा, पंपाकडून टाकीत परत येणारी स्वतंत्र नळी ठेवा आणि पाणी वेगळे करणारा फिल्टर सहज हात पोचेल अशा ठिकाणी लावा. जस्ताचा मुलामा असलेले किंवा तांब्याचे भाग डिझेलच्या मार्गात असू नयेत.

ऑइल चेंबरकडेही (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्याकडेही) लक्ष द्या. या इंजिनाचा मूळ चेंबर ॲल्युमिनियमचा असतो आणि दगड लागला की वाकण्याऐवजी तडकतो. शक्य असेल तर पोलादी चेंबर बसवा, नाहीतर खाली जाड संरक्षक पत्रा लावा. स्प्रिंग पूर्ण दबल्यावर पुढचा एक्सल वर येऊन चेंबरला लागतो का, हे जॅकने एक्सल उचलून इंजिन पक्के करण्याआधी पाहावे. सामुराईचे मूळ इंजिन पूर्ण ॲल्युमिनियमचे आणि हलके आहे, टीडीआयचा ब्लॉक बिडाचा आहे. त्यामुळे पुढच्या स्प्रिंगा आहेत तशा राहिल्या तर गाडी नाकावर बसते आणि हीच मोकळी जागा आणखी कमी होते. कामाच्या आधी आणि नंतर पुढच्या चाकांचे वजन काट्यावर करून घ्या.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. या इंजिनाच्या हवेच्या मार्गात, किल्ली बंद केल्यावर क्षणभर मिटणारी एक झडप असते. इंजिन हिसका न देता थांबावे यासाठी ती असते. ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी यंत्रणा) काढताना अनेक जण तीही काढून टाकतात. मीही काढली होती. एकदा गाडी बराच वेळ एका कुशीवर तिरपी उभी राहिली, ब्रीदरच्या (इंजिनातील वाफ बाहेर सोडणाऱ्या) नळीतून इंजिन ऑइल हवेच्या मार्गात गेले आणि इंजिन ते ऑइलच जाळू लागले. किल्ली बंद केली तरी फेरे वाढतच होते, मागे सगळे पांढरेधोप झाले होते. वरचा गिअर टाकून, ब्रेक पूर्ण दाबून, क्लच सोडला तेव्हा ते कसेबसे गुदमरून थांबले. इंधन तोडून थांबत नसलेले डिझेल इंजिन थांबवण्याचा खरा उपाय म्हणजे हवा तोडणे. ती झडप ठेवा, किंवा बसल्या जागेवरून ओढता येईल अशी हवेची झडप लावा, आणि ब्रीदरच्या नळीत ऑइल अडवणारा डबा घाला.

उतारवाट

लो-रेंज संचाबद्दल मी 'गिअरपेटी' यांच्याशी काही अंशी असहमत आहे. हाय रेंज १२ टक्के खाली आली, तर ताशी १०० ला इंजिन सुमारे सव्वातीन हजारांवर फिरेल. साडेचार हजारांपर्यंत जाणाऱ्या इंजिनाला हे आवाजाच्या दृष्टीने त्रासदायक आहे, घातक नाही. आणि ८० च्या वेगाने गेलात तर २६०० वरच राहाल.

मिळते काय ते पाहा. मूळ लो रेंजमध्ये पहिल्या गिअरला, ९०० आरपीएमच्या आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता), गाडी ताशी ४.२ किलोमीटरने पुढे सरकते. हा साधारण चालणाऱ्या माणसाचा वेग आहे. गुडघ्याएवढ्या दगडांवरून उतरताना तो जास्त होतो. त्यातच थ्रॉटल नसल्याने डिझेलला बंद थ्रॉटलचा तो अतिरिक्त रोध मिळत नाही, म्हणून उतारावर गिअरिंगवरच भिस्त ठेवावी लागते. ४.१६ च्या संचाने हाच वेग ताशी २.३ वर येतो. डिझेलचा गव्हर्नर (फेरे नियंत्रित करणारी यंत्रणा) आयडल धरून ठेवतो, चाक दगडाला टेकले तरी स्वतःहून इंधन वाढवतो, त्यामुळे ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून गाडी नुसती चालू द्यायची. हा अनुभव एकदा घेतला की पेट्रोलकडे परत जावेसे वाटत नाही.

एक्सलवर येणारा टॉर्क कागदावर जवळपास बारा हजारांपर्यंत जातो हे खरे, पण तो पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला आणि टायरने पकड सोडली नाही तरच. पुढच्या एक्सलचे सांधे बहुधा हिसक्याने तुटतात: चाक हवेत फिरत असताना एकदम पकड मिळाली, किंवा स्टिअरिंग पूर्ण वळवलेले असताना जोर दिला, की तुटतात. सावकाश सरकणाऱ्या गाडीत असा हिसका कमी बसतो.

गिअरपेटी

'उतारवाट' यांचा मुद्दा मला मान्य आहे; मी केवळ पक्क्या रस्त्याच्या बाजूने विचार केला होता. तरीही दोन्ही कामे एकाच वेळी करू नयेत असे सुचवतो. नवे इंजिन, नवी प्लेट आणि नवी गिअर जोडणी एकत्र सुरू केली आणि कोठून तरी आवाज आला, तर तो कोठला हे शोधण्यात दिवसचे दिवस जातात. ट्रान्स्फर केस वेगळी टांगलेली असल्याने ती इंजिनाला धक्का न लावता नंतर उतरवता येते. स्पीडोमीटरची केबलही तिच्याचकडून निघते, त्यामुळे इंजिन बदलल्याने तिला काही होत नाही; फक्त मोठ्या टायरांमुळे ती खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवते, हे ध्यानात ठेवा.

आणि इंजिनाला हात लावण्याआधी वाहन नोंदणी करणाऱ्या कार्यालयाकडून लेखी परवानगी घ्या, विमा कंपनीलाही कळवा. इंधनाचा प्रकार बदलत असल्याने प्रदूषणाची अट कोणत्या वर्षाच्या मानकाने लागू होणार, यावर तुम्ही निवडलेले इंजिन चालेल की नाही हे ठरेल.

खडकवाट

क्रम आता ठरला आहे. पहिल्यांदा परवानगीचा अर्ज करतो. तो मंजूर होईपर्यंत ट्रान्स्फर केसचा आधार करून घेतो, पुढचे वजन काट्यावर करून ठेवतो आणि टाकी उतरवून धुतो. इंजिन फक्त अख्ख्या गाडीसकटच घेईन, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पंप आणि हवेची ती झडप दोन्ही जागेवर राहतील. लो-रेंजचा संच पहिले दोन हजार किलोमीटर झाल्यावर बघू. डायल गेज आजच मित्राकडून आणला आहे. गिअरबॉक्स चढवण्यापूर्वी जे वाचन येईल ते इथेच लिहीन.