मोबाईलवर टॅब बदलून आलं की फोकस (टाईप केलेलं कुठे जाणार ते) हरवतो, हा बग हमखास रिप्रोड्यूस कसा करावा, म्हणजे दरवेळी घडवून कसा दाखवावा?

चाटीगल्लीकर: सोलापुरातल्या एका टॉवेल-चादरीच्या होलसेल दुकानासाठी ऑर्डरचं पान बनवलंय. गिऱ्हाईक नगाचा आकडा टाकता टाकता 'दरपत्रक' दाबतं, ते नव्या टॅबमध्ये उघडतं. दर बघून परत आलं की कर्सर चौकटीत लुकलुकतोय, कीबोर्डही वर येतो, पण टाईप केलेलं काहीच उमटत नाही. बाहेर कुठेतरी बोट लावून परत चौकटीत आलं की सुरळीत. काउंटरवरच्या जुन्या अँड्रॉइडवर होतं, माझ्यासमोर मात्र होईना. ब्राउझरचं नाव मुद्दाम लिहीत नाही, आधी दोष कुणाचा ते ठरू दे. क्रोमिअमवरचा, म्हणजे क्रोमचाच गाभा असलेला आहे. बग नोंदवायचाय, पण 'कधी कधी होतं' म्हटलं तर कोण ऐकणार? काय वापरू?

हुरडापार्टी: लॅपटॉपवरचा मोबाईल व्ह्यू सोड बे. त्यात स्क्रीनचा आकार नि टच येतो, फोनचा कीबोर्ड येत नाही. यूएसबी डीबगिंग चालू कर, केबल जोड, क्रोमच्या इन्स्पेक्ट पानावरून बघ.

सातरस्ता: केबल एरवी ठीक, या बगला नको. इन्स्पेक्ट केलं की डेव्हटूल्स (ब्राउझरची तपासणीची खिडकी) उघडतात, त्यांच्या रेंडरिंगमध्ये 'इम्युलेट अ फोकस्ड पेज' हा पर्याय आहे. तो चुकून चालू राहिला की पानाला वाटतं फोकस कायम आपल्याकडेच, मग बग दिसणार कुठून?

त्यापेक्षा लॉग पानावरच दाखव. फोकस, ब्लर (फोकस सुटणं), व्हिजिबिलिटीचेंज (पान दिसणं-लपणं), पेजशो (पान समोर येणं) या इव्हेंटला वेळ, ॲक्टिव्हएलिमेंट (पानातली निवडलेली चौकट) कोण आणि हॅजफोकस (पानाकडे फोकस आहे का) ट्रू की फॉल्स, एवढं पानावरच्या एका डिव्हमध्ये (कप्प्यात) छाप. अलर्ट तर अजिबात नको, तो स्वतःच फोकस हिसकावतो.

आणि परत येण्याचे रस्ते वेगळे काढ. बॅक दाबलं तर लिंकने उघडलेला टॅब बंद होऊन मूळ टॅब पुढे येतो. टॅबच्या चौकोनातून (उघडे टॅब दाखवणाऱ्या बटणातून) आलं तर दोन्ही उघडे राहतात. व्हॉट्सॲपवर जाऊन आलं तर तिसरंच. तुझ्या 'परत आलं की' मध्ये हे तिन्ही बसतंय. दुकानात जाऊन बस, गिऱ्हाइकाला विचारू नकोस, त्याचं बोट बघ.

पार्कचौक: आधी एक शंका फेड. रॅम कमी असली की मागचा टॅब मारला जातो आणि परत आल्यावर पान नव्याने लोड होतं. वॉजडिस्कार्डेड (टॅब असा मारला गेला होता का) ट्रू आलं तर तो फोकसचा बग नाहीच.

चाटीगल्लीकर: फॉल्सच आलं. आणि सापडलं! आकडा अर्धवट टाकायचा, कीबोर्ड वर असतानाच लिंक दाबायची, बॅकने परत यायचं. दरवेळी होतं. ॲक्टिव्हएलिमेंट नगाचीच चौकट, हॅजफोकस मात्र फॉल्स. चौकोनातून आलं की ट्रू. मी सवयीने चौकोनच दाबतो, गिऱ्हाईक बॅक! दुकानाचं सगळं काढून एक चौकट नि एक लिंक एवढंच पान ठेवलं, तरी तेच. आता नोंदवतो. तोवर दुकानाचं काय करू?

सातरस्ता: पान परत दिसायला लागलं की त्या चौकटीला कोडने ब्लर कर, म्हणजे तिचा फोकस काढून टाक. गिऱ्हाईक पुन्हा टॅप करेल, पण आकडा हवेत जाणार नाही. कोडने फोकस द्यायच्या भानगडीत पडू नकोस, आयफोनवर बोट लागल्याशिवाय कीबोर्ड सहसा वर येत नाही.

बगमध्ये ते छोटं पान जोड. ब्राउझर नि अँड्रॉइडची पूर्ण आवृत्ती, कीबोर्ड ॲप कोणतं, आणि बॅक बटणाने की कडेवरून बोट ओढून, हेही लिही. शेवटचं सगळेच विसरतात.