पेटीसमोरचा सडा आधी बघा
तुम्ही लिहिलंय परवापर्यंत मधमाश्यांची पेटी गजबजलेली आणि आज दारात मेलेल्या माश्यांचा सडा, मेणकिड्यानं (पोळ्याचं मेण खाणारी अळी) खाल्ली असणार. मला नाही पटत ओ. मेणकिडा वसाहत कमजोर झाल्यावर घुसतो, भरलेली पेटी दोन दिवसात नाही मारत तो.

मेलेल्या माश्या हातात घेऊन बघा की, जीभ बाहेर आलीय का, एकदोन अजून जमिनीवर गरगर फिरतायत का, तसं असेल तर फवारणीच. आमच्या खानापूर साईडला काजूला मोहोर आला की ढेकण्यासाठी (मोहोराचा रस शोषणारा किडा) औषध मारतात, तेबी भर सकाळी, माश्या मोहोरावर असतानाच! माझ्या दोन पेट्या अश्याच गेल्या, शेजारच्यानं अंधार पडल्यावर मारलं असतं तर वाचल्या असत्या बहुतेक, पण सांगायचं कुणी, बांधावरनं आधीच भांडण.

सडा नसता आणि माश्या पोळ्याच्या घरात डोकं खुपसून मेलेल्या असत्या तर उपासमार म्हटलं असतं, पावसाळ्यात साखरेचा पाक नाही दिला की आपल्याकडं हेच होतंय.

तरी पोळ्याची फ्रेम काढून पिल्लं बघाच. अळी पाण्याच्या पिशवीसारखी फुगून डोकं वर करून मेली असेल तर थाई सॅकब्रूड, अळ्यांचा विषाणूचा रोग तो, १९९१-९२ ला त्यानंच कर्नाटकातल्या सातेरीच्या (आपली पेटीतली देशी मधमाशी) वसाहती साफ केल्या होत्या. मग ती फ्रेम दुसऱ्या पेटीत अजिबात घालू नका.

आणि मूठभर माश्या आत्ताच फ्रीजरमध्ये टाका, कुजल्यावर लॅबवाले काय तपासणार?