मी नाशिकला, माझी बोट प्राँग्सच्या दीपस्तंभापाशी

शीडवाला

मंडळी, जरा तिऱ्हाईत मतं हवी आहेत. घरात विचारून झालं, घरात दोन पक्ष पडलेत.

माझी एक जुनी, सेकंडहँड घेतलेली चोवीस फुटी शिडाची बोट आहे. ऑक्टोबर ते मे मुंबईत गेट वेच्या समोरच्या पाण्यात मुरिंगवर (तळाशी रोवलेल्या बोयाला बांधून) असते, पावसाळ्याआधी वर काढतो. चार वर्षं झाली, माझा एक कॉलेजपासूनचा मित्र (त्याला इथे भाऊ म्हणू) जवळजवळ दर रविवारी माझ्याबरोबर येतो. शीड चढवणं, बोया पकडणं, सगळं येतं त्याला. लॉकरचं कुलूप आकड्यांचं आहे आणि आकडे त्याला मीच सांगितलेत.

१ फेब्रुवारीच्या रविवारी मी मावसबहिणीच्या साखरपुड्याला नाशिकला होतो. पुढच्या शनिवारी बोटीवर गेलो, तर लांबूनच कळलं की बोट मी बांधलेली नाही. मुरिंगचा दोर मी पुढच्या खाचेतून घेतो आणि जिथे घासतो तिथे पाण्याच्या पाइपचा तुकडा चढवतो. हा दोर सरळ रेलिंगवरून आलेला. सहा दिवस घासून घासून तीन पिळांतला एक तुटून लोंबत होता, दुसऱ्याचे धागे सुटायला लागले होते. पाइपचा तुकडा कॉकपिटमध्ये इकडून तिकडे गडगडत होता. सोबत शेंगांची टरफलं आणि लहान मुलीची फुलपाखराची क्लिप.

फोन केला. भाऊ अगदी मोकळेपणी म्हणाला, "अरे हो, रविवारी नेली होती. साडू आला होता पुण्याहून, त्याच्या पोरांना फिरवून आणलं. तू नव्हतास ना, म्हणून विचारलं नाही."

हे शेवटचं वाक्य काही केल्या डोक्यातून जात नाही. मी नव्हतो म्हणूनच तर विचारायचं होतं! बायको म्हणते, एकदा स्पष्ट बोल आणि आकडे बदल. मुलगा म्हणतो, बाबा, तो काका दोन वेळा तुम्हाला बूमच्या (शिडाखालच्या आडव्या दांड्याच्या) फटक्यातून वाचवणारा माणूस आहे, जाऊ द्या. तुम्ही काय केलं असतं?

निवांत नाना

मुलाचं ऐका. बोट जागेवर आहे, पोरं खूश होऊन पुण्याला गेली, नुकसान म्हणाल तर एक दोर. दोराचे पैसे घ्या, वर एक सुरमई थाळी उकळा आणि विषय संपवा. आमच्या वाड्यात एक लँब्रेटा स्कूटर होती आणि चालवणारे चौघं. पेट्रोल कोणी भरायचं यावरून भांडणं व्हायची, न विचारता नेली यावरून कधी झाली नाहीत.

शीडवाला

नाना, लँब्रेटा बंद पडली की रस्त्याच्या कडेला उभी करून चहा पिता येतो.

थळची पोर

दादा, किती वाजता निघाले होते ते? १ फेब्रुवारीला माघी पौर्णिमा होती म्हणून विचारते. भरतीची वेळ काढायला आमच्याकडे तिथीची पाऊणपट करतात. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे बारापर्यंत भरती भरून पाणी फिरलं. त्यानंतर संध्याकाळी सहा-साडेसहापर्यंत ओहोटी. तीही उधाणाची. बंदरातलं पाणी तेव्हा बाहेर, दक्षिणेकडे ओढतं, दोन-तीन नॉटने (ताशी सागरी मैल). जाताना मजा येते. वाटतं, काय पळतेय बोट! येताना तेच पाणी समोरून.

शीडवाला

साडेबाराला. हे मला नंतर कळलं, त्यावर येतोच. टाकी निम्मी भरलेली होती, आता तळाला लागलीय. म्हणजे येताना इंजिनवर रेटत आलेत.

पाचवा भिडू

मी दुसऱ्याच्या बोटीवर आठ वर्षं क्रू होतो, तेव्हा भाऊंची बाजू कोणीतरी मांडायला हवी.

शीडवाले, मे महिन्यात बोट वर काढल्यावर तळ कोण खरवडतं? तुम्ही दोघं, बरोबर? डोक्यावर ऊन, तळाला चिकटलेली शिंपलं, पत्र्यासारख्या धारा, आणि जुन्या रंगाची लाल भुकटी नाकातोंडात. तीन दिवस खोकल्यातून लाल येतं. त्याचे तुम्ही त्याला पैसे दिलेत? नाही, कारण तो 'आपला' आहे. मग फेब्रुवारीत एका रविवारी तो एकदम परका कसा झाला? कामाला घरचा आणि हक्काला पाहुणा, हे बोटमालकांचं जुनं दुखणं आहे. तुम्ही आकडे सांगितलेत, चार वर्षं सुकाणू हातात दिलंत. माणसाला वाटणारच की थोडी आपलीही आहे.

दोर चुकीचा बांधला ही चूक. विचारायला हवं होतं, हेही कबूल. पण तुमच्या लिहिण्यात जो 'माझी बोट' आहे ना, तो आठ वर्षं ऐकलाय मी.

वकिलीणबाई

भिडूंचा मुद्दा भावनेचा वाटला तरी कायद्यातही त्याला जागा आहे. चोरीच्या व्याख्येखाली (आधी दंडसंहितेचं ३७८, आता न्याय संहितेचं ३०३) जे दाखले दिलेत, त्यातला एक असा: मित्राच्या गैरहजेरीत त्याच्या ग्रंथालयातून एकाने वाचायला म्हणून पुस्तक नेलं, परत द्यायचं मनात धरून. मैत्रीमुळे मित्राची संमती आहेच असं त्याला वाटलं असेल, तर ती चोरी नाही. भाऊ या दाखल्यात बसू शकतात.

पण दुसरी बाजूही आहे. 'परत देणार होतो' एवढ्याने सुटका होत नाही. १९५२ साली जोधपूरच्या हवाई दलाच्या अकादमीतल्या दोन तरुणांनी परवानगीशिवाय एक हार्वर्ड विमान उडवलं आणि ते पाकिस्तानात उतरलं. आम्ही वाट चुकलो, पळवायचं नव्हतं, असा बचाव होता. के. एन. मेहरा विरुद्ध राजस्थान राज्य, १९५७. सर्वोच्च न्यायालयाने चोरीची शिक्षा कायम केली. वस्तू कायमची न्यायची नसली, थोड्या वेळापुरती वापरली, तरी चोरी होऊ शकते.

म्हणजे तुमची बोट पुस्तक आणि विमान यांच्या मध्ये कुठेतरी आहे. (मी हे तक्रार करा म्हणून सांगत नाहीये. या भांडणासाठी पोलिसात जाणं म्हणजे कॉलेजपासूनची मैत्री पाण्यात घालणं.)

निवांत नाना

हे अती झालं. शेंगा खाणाऱ्या माणसाला थेट पाकिस्तानात नेऊन उतरवलंत बाई.

हॅम्बलकर

इंग्लंडमध्ये साउथॅम्प्टनजवळ हॅम्बल नदीवर माझी एका बोटीत अर्धी भागीदारी आहे. इथल्या कायद्यात चोरी म्हणजे कायमचं हिरावण्याचा हेतू लागतो. त्यामुळे फिरवून परत आणणाऱ्यांसाठी १९६८ च्या चोरीच्या कायद्यात वेगळं बारावं कलम आहे, परवानगीशिवाय वाहन नेणं. गाडी, विमान, बोट, सगळं त्यात येतं. गंमत म्हणजे इथेही बचाव तोच आहे: मालकाला माहीत असतं आणि परिस्थिती कळली असती, तर त्याने हो म्हटलंच असतं, असं नेणाऱ्याला खरोखर वाटलं असेल तर गुन्हा नाही.

म्हणून सरळ प्रश्न: भाऊंनी नाशिकला फोन केला असता, तर तुम्ही काय म्हणाला असतात?

शीडवाला

हाच प्रश्न मी टाळत होतो.

भाऊ एकटा किंवा नेहमीच्या कोणाबरोबर जाणार असता तर म्हणालो असतो, ने, पण चारच्या आत परत ये. पोरांना घेऊन? नाही म्हणालो असतो. बोटीवर चार लाइफ जॅकेट्स आहेत, चारही मोठ्यांची. सात वर्षांच्या पोरीला ते घातलं तर पाण्यात पडल्यावर जॅकेट वर आणि पोर खाली. आणि उजवीकडचा हिरवा दिवा डिसेंबरपासून बंद आहे. मी अंधारात जात नाही म्हणून ढकलत राहिलो. भाऊला ते माहीत नव्हतं. फोन केला असता तर हेच सांगितलं असतं. बोटीचं काय काय दुखतंय ते मालकाच्या डोक्यात असतं, लॉकरमध्ये लिहून ठेवलेलं नसतं.

आता आधी सांगितलं नाही ते. जेट्टीवरच्या क्लबमध्ये नोंदवही असते: बोट, स्किपर, माणसं, निघाल्याची वेळ, आल्याची वेळ. मी मागच्या रविवारचं पान उघडलं. निघाले १२.३०, आले ७.२५, माणसं पाच. स्किपरच्या रकान्यात माझं नाव. अक्षर भाऊचं. मी त्या वेळी नाशिकला पंगतीत वाढत होतो.

तांडेलाला (क्लबच्या बोटी सोडणाऱ्या माणसाला) विचारलं, सोडलंस कसं? तो म्हणाला, "साहेब, ते तर नेहमीचेच."

थळची पोर

दादा, हे मात्र वाईट. सव्वासातनंतर अंधारात, हिरवा दिवा नाही, आजूबाजूला मांडव्याच्या फेरीबोटी, लाँचेस, पलीकडे मोठ्या जहाजांचा मार्ग. डिसेंबर २०२४ मध्ये एलिफंटाला निघालेल्या लाँचवर भर दिवसा नौदलाची बोट आदळली, माणसं गेली. ते तर लख्ख उजेडात.

आणि नावाचं म्हणाल तर २००८ नंतर आमच्या मासेमारीच्या माणसांना समुद्रात जाताना ओळखपत्र लागतं. 'कुबेर' ट्रॉलर होता मासेमारीचाच, हाती लागला २६/११ वाल्यांच्या. तेव्हापासून कोणाच्या बोटीवर कोण आहे हा प्रश्न आमच्याकडे कोणी हसण्यावारी नेत नाही. तुमच्याकडे एक वही आहे, तीही खोटी.

वकिलीणबाई

माझं मत आता बदललं. पुस्तकाच्या दाखल्याचा सगळा जोर 'संमती असेलच असं वाटलं' यावर आहे. ज्याला खरंच तसं वाटतं तो स्वतःचं नाव लिहितो. दुसऱ्याचं नाव लिहिणाऱ्याला कुठेतरी माहीत असतं.

पाचवा भिडू

इतकं सरळ नाही बाई. बऱ्याच ठिकाणी मालक-सदस्याचं नाव असल्याशिवाय बोट सोडतच नाहीत. मीसुद्धा मालक बरोबर असताना त्यांच्या नावाने शंभर वेळा पान भरलंय. सवयीने लिहिलं असेल. पण 'माणसं पाच' लिहिलं आणि मालक त्यात नव्हता, हे मला पटवून घेता येत नाही. एवढं मान्य. दिव्याचं मात्र मालकाच्या खात्यात. दोन महिने बंद दिवा घेऊन बोट मुरिंगवर ठेवणारा माणूस दुसऱ्याच्या बेफिकिरीवर धागा काढतो, हेही लिहून ठेवा.

शीडवाला

लिहून ठेवलं. बल्ब परवा आणला.

निवांत नाना

मी तरी म्हणेन, खोटं नाव त्याने तुम्हाला फसवायला नाही, तांडेलाला गप्प करायला लिहिलं. साडूसमोर 'मला परवानगी नाही' म्हणायची लाज वाटली असेल. साडूसमोर माणूस काय वाटेल ते करतो. स्वानुभव.

हॅम्बलकर

नानांचं निदान पटलं, उपचार नाही. आमच्या भागीदारीत एक कागद आहे, दीड पानाचा. कोण कधी नेणार, अंधारात नाही, लहान मुलं असतील तर काय, पेट्रोल भरून ठेवायचं, बिघाड असेल तर चार्ट टेबलवर (नकाशांच्या टेबलावर) लिहून चिकटवायचा. तो करताना आम्हालाही खूप अवघड वाटलं होतं, सोयरीक मोडल्यासारखं. आणि विम्याची पॉलिसी काढून वाचा, बोट कोणाच्या हाती असताना संरक्षण चालतं ते बघा. खोट्या नोंदीवर विमा कंपनी काय म्हणेल याची कल्पना करा.

वकिलीणबाई

आणि गप्प मात्र बसू नका. आज काहीच बोलला नाहीत, तर पुढच्या वेळी 'मागे चाललं होतं की' म्हणायला त्याला खरोखर जागा होईल. दोन ओळींचा मेसेज पुरे.

शीडवाला

अपडेट. मेसेज लिहून तीनदा खोडला. शेवटी शनिवारी भाऊलाच जेट्टीवर बोलावलं आणि तुटका दोर हातात दिला. तो बराच वेळ पीळ उलटसुलट करत बसला. मग म्हणाला, "रेलिंगवरून घेतला होता मी?" म्हटलं, हो. दोराबद्दल तो खरंच शरमला. नोंदवहीबद्दल मात्र आधी चिडला. "तांडेल सोडत नव्हता, मग काय करणार होतो? पोरं लाँचमध्ये बसली होती." म्हणजे नानांनी निम्मं ओळखलं होतं.

मी म्हटलं, त्या संध्याकाळी काही झालं असतं, तर तुझ्या बायकोला फोन कोणी केला असता? वहीत तू नव्हतासच. यावर तो काही बोलला नाही. मग सांगायला लागला, साडेपाचला वारा पडला, कुलाब्याच्या टोकाचा प्राँग्सचा दीपस्तंभ तासभर एकाच जागी दिसत होता, पोरगी रडायला लागली, इंजिन दोनदा बंद पडलं. हे फोनवर त्याने सांगितलं नव्हतं. क्लबच्या कचेरीत त्याने स्वतः जाऊन नोंद दुरुस्त करायला सांगितली. तिथल्या माणसाने आम्हा दोघांनाही झापलं.

आकडे मी बदललेत. नवे त्याला सांगितलेले नाहीत. त्यानेही विचारले नाहीत. रविवारी दोघं गेलो, फारसं बोललो नाही, वारा बरा होता.

पाचवा भिडू

आणि मे महिन्यात तळ?

शीडवाला

या वर्षी माणूस लावून खरवडून घेणार आहे. पैसे देऊन.

निवांत नाना

अरेरे.

थळची पोर

दादा, नवा दोर किती जाडीचा घेतलात? चौदा मिलीचा असेल तर सोळाचा घ्या, आणि पाइपचा तुकडा दोन्ही टोकांना सुतळीने आवळून बांधा. नुसता चढवलेला उधाणाला सरकतो. भाऊंच्या दोराचंही थोडं तसंच झालं असेल.