मदत हवी आहे: भारतातलं हेलिकॉप्टर लायसन्स युरोपात चालवायचंय

जुहूतळ: मंडळी, बायकोला नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनला नोकरी लागलीये, तीन महिन्यांत निघायचंय. माझं डीजीसीएचं, म्हणजे भारताच्या विमान वाहतूक नियामकाचं, हेलिकॉप्टर लायसन्स आहे, १८५० तास झालेत. तिकडच्या एका शाळेला मेल टाकला तर सगळा कोर्स पहिल्यापासून करा म्हणतात, खर्चाचा आकडा बघून रात्रभर झोप नाही. खरंच दुसरा रस्ता नाही का? जरा लवकर सांगा, इथे राजीनामा द्यायचाय.

पंखा_फिरतोय: कुठलं लायसन्स? टाइप, म्हणजे हेलिकॉप्टरचं मॉडेल, कुठलं? कमांडचे, म्हणजे मुख्य पायलट म्हणून उडवलेले, तास किती? हे न सांगता कोण काय सांगणार?

नगरी: सरळ ब्रिटिश लायसन्स काढ. माझा मावसभाऊ अ‍ॅबर्डीनहून ऑफशोअर, म्हणजे समुद्रातल्या तेलविहिरींवर, उडवायचा, आता नॉर्वेत आहे. एकदा हातात आलं की अख्खा युरोप मोकळा.

पंखा_फिरतोय: नाही हो. १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटिश लायसन्स युरोपियन युनियनमध्ये चालत नाही. मावसभाऊ आधी गेले असतील. याला इयासाचंच, म्हणजे युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेच्या नियमांचं, पाहिजे, ते २७ देश आणि वर नॉर्वे, स्वित्झर्लंड, आइसलंड, लिक्टेनस्टाइन इथे चालतं.

नगरी: मी अनुभवाचं सांगतोय, नियम तुम्हीच वाचत बसा.

जुहूतळ: एडब्ल्यू१३९, बॉम्बे हायला क्रू नेतो-आणतो. आयआर, म्हणजे नुसत्या उपकरणांवर उडवायचं रेटिंग, आहे. बहुतेक तास को-पायलटचे, कमांडचे १३०.

आल्प्स_डायरी: एअर अँब्युलन्स बघ, डोंगरातलं काम फार सुंदर असतं, मी ऑस्ट्रियात रोज बघते.

पंखा_फिरतोय: ताई, त्याच्या कमांडरला साधारण १००० तास कमांडचे लागतात, आणि डॉक्टरशी, पोलिसांशी स्थानिक भाषेत बोलावं लागतं. आत्ता नाही जमायचं.

गृहिणी_सातारा: माझा मुलगा दहावीला आहे, पायलटसाठी बारावीला गणित लागतंच का?

पंखा_फिरतोय: हो ताई, गणित आणि फिजिक्स दोन्ही. जुहूतळ, सीपीएल, म्हणजे कमर्शियल लायसन्स, असेल तर शाळेचं पूर्ण चूक नाही, पण तुझा अनुभव बघून तास कमी करता येतात, ती शिफारस शाळेनेच करायची असते. दुसऱ्या शाळेला विचार.

जुहूतळ: एटीपीएल आहे, सीपीएलच्या वरचं, मागच्या वर्षी मिळालं. त्याने फरक पडतो?

पंखा_फिरतोय: अरे देवा, हे पहिल्या ओळीत लिहायचं होतंस! एटीपीएल असेल, इयासाच्या एटीपीएलला लागणारा अनुभव भरत असेल आणि टाइप रेटिंग, म्हणजे ते मॉडेल उडवायची परवानगी, चालू असेल, तर कोर्समधून सूट मिळू शकते. १३ विषयांच्या परीक्षा मात्र सुटत नाहीत, प्रत्येकी ७५ टक्के आणि सगळ्या १८ महिन्यांत. पुढे स्किल टेस्ट, म्हणजे उडवून दाखवायची परीक्षा, आणि क्लास वन मेडिकल, म्हणजे व्यावसायिक पायलटची वैद्यकीय तपासणी. सगळे पेपर एकाच देशाच्या अथॉरिटीकडे द्यायचे, म्हणून देश आधी ठरव.

जुहूतळ: पण कमांडचे २५० लागतात ना? इथेच अडलोय.

पंखा_फिरतोय: १०० कमांडचे आणि १५० पी१ अंडर सुपरव्हिजन, म्हणजे कॅप्टनच्या देखरेखीखाली कमांड सांभाळलेले, त्याच्या सहीचे, असंही चालतं. तुझे ते तास को-पायलटच्या रकान्यात मिसळलेले असणार. माझ्या वेळी तपासणाऱ्या बाईंनी लॉगबुक उघडलं, त्या रकान्यावर पेन्सिल ठेवली आणि म्हणाल्या, हे वेगळे करून आणा. मी पुण्यात, माझे कॅप्टन तोवर रिटायर होऊन चेन्नईला, एकेका सहीसाठी चार महिने गेले. तू कंपनीत आहेस तोवर सह्या घे, डीजीसीएकडून लायसन्सचं व्हेरिफिकेशन माग, आणि टाइप रेटिंगचा चेक देऊनच नीघ, ते वर्षभरच टिकतं.

डच_वहिनी: बायको हायली स्किल्ड मायग्रंट, म्हणजे कुशल नोकरदारांच्या व्हिसावर, असेल तर तुमच्या रहिवासी कार्डावर काम मोकळं असतं, वेगळं परमिट नको. ऑफशोअर म्हणजे पार उत्तरेच्या टोकाचं डेन हेल्डर, आइंडहोव्हनहून रोजचं येणं-जाणं होणार नाही, घर घेताना विचार करा.

जुहूतळ: आत्ता लॉगबुक काढून बसलोय. २०१९ पासूनचे सुपरव्हिजनचे तास मोजले, १४१ भरले, पावसाळ्यातली तीन पानं राहिलीत. राजीनामा थांबवलाय, उद्या सकाळी कॅप्टन भेटतील तेव्हा सह्या मागतो. मेडिकल इथून होतं का कुठे?

पंखा_फिरतोय: पहिलं क्लास वन इयासाच्या मान्यतेच्या एरोमेडिकल सेंटरलाच. नेदरलँड्सलाच करून घे, पण पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात.