मदत हवी आहे: सांध्यातलं पाणी तपासणारी लॅब

सोलापुरात सांध्यातलं पाणी पोलराइज्ड लाइट मायक्रोस्कोपखाली (त्यात स्फटिक ओळखता येतात) बघून देणारी लॅब कुणाला माहीत आहे का? सात रस्ता, होटगी रोड, कुठेही चालेल. पुण्याला पाठवण्यात वेळ जातो, आणि नमुना सहा तासांच्या आत बघितलेला बरा. फॉर्मालिनमध्ये (नमुने टिकवायच्या द्रावणात) ठेवायची तर सोयच नाही, युरेटचे (युरिक ॲसिडच्या क्षाराचे) स्फटिक विरघळतात.

पेशंटचा गुडघा टम्म सुजलाय, हात लावू देत नाहीत, पण रक्तातलं युरिक ॲसिड ५.८, म्हणजे नॉर्मल. ऐन झटक्यात ते नॉर्मल येऊ शकतं, त्यावरून गाऊट (युरेटचे स्फटिक सांध्यात साचून होणारा आजार) नाही म्हणता येत नाही. झटका ओसरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा करूच. तापही आहे, म्हणून जंतुसंसर्ग आहे का बघायला कल्चर लावलंय. अडलंय ते युरेटच्या सुईसारख्या स्फटिकांपाशी.

लॅब नमुना कोणत्या नळीत मागते तेही कृपया सांगा. काही नळ्यांत गोठू नये म्हणून लिथियम हेपॅरिन असतं, त्याचे स्वतःचेच स्फटिक दिसून घोटाळा होतो.