मदत हवी आहे: अमेरिकन कॉलेज फुटबॉल प्लेऑफचे (विजेतेपदाच्या बाद फेरीचे) १२ संघ शीटमध्ये जुळत नाहीत

पूर्णाकाठ
रँकिंगमधले वरचे १२ संघ उचलले की प्लेऑफचे १२ मिळायला हवेत ना? मिळत नाहीत. दहावा आणि अकरावा बाहेर, बारावा मात्र आत! चॅम्पियनचा कॉलम जोडला तर ड्यूक हा संघ सगळ्यात वर येतोय. ऑफिसातल्या पैजेची शीट आज रात्री पाठवायची आहे. फॉर्म्युला कुठे चुकतोय, लवकर सांगा.

नीरा_डावा_कालवा
वर्ष कुठलं? रँकिंग कुणाचं, एपी वृत्तसंस्थेचं, प्रशिक्षकांचं की प्लेऑफच्या निवड समितीचं? एवढं सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार?

माळरान
दहावा बाहेर कसा? बारा संघांची पद्धत २०२४ च्या हंगामात आली. समितीच्या शेवटच्या यादीत दहावा तेव्हा एसएमयू होता आणि २०२५ ला मायामी. दोघेही आत होते. तुमच्याकडची यादी शेवटची नसणार.

पूर्णाकाठ
२०२५. समितीचीच आहे, २ डिसेंबरची. त्यानं काय फरक पडतो?

माळरान
तिथेच सगळं बिघडलंय. २ डिसेंबरला मंगळवार होता. शुक्रवारी-शनिवारी कॉन्फरन्सच्या (संघांच्या गटांच्या) फायनल झाल्या आणि रविवारी, ७ तारखेला, शेवटची यादी आली. जागा तिच्यावरूनच ठरतात. मंगळवारी नोटर डेम १०, बीवाययू ११, मायामी १२ असे होते. रविवारी मायामी १०, नोटर डेम ११, बीवाययू १२.

रविवारची यादी भरा. मग सगळ्या कॉन्फरन्सचे चॅम्पियन वेगळे काढा आणि त्यातले रँकिंगनं वरचे पाच थेट आत घ्या: इंडियाना (१), जॉर्जिया (३), टेक्सस टेक (४), टुलेन (२०), जेम्स मॅडिसन (२४). उरल्या सात जागा. त्या यादीच्या वरून खाली येत भरायच्या: ओहायो स्टेट, ऑरेगन, ओल मिस, टेक्सस ए अँड एम, ओक्लाहोमा, अलाबामा, मायामी. दहाव्या क्रमांकालाच जागा संपल्या.

ड्यूक हा एसीसी या कॉन्फरन्सचा खराच चॅम्पियन आहे, पण ८ विजय आणि ५ पराभव, पहिल्या पंचविसात नाव नाही. व्हीलुकअपला (यादीत शोधणाऱ्या फॉर्म्युल्याला) तो सापडत नाही आणि न सापडल्यास काय द्यायचं त्या इफएररमध्ये तुम्ही शून्य दिलं असणार. चढत्या क्रमात शून्य एकाच्याही वर बसतं. तिथे ९९ टाका.

हिरवा_झेंडा
शीट जुळेल हो, पण निकाल न्याय्य होता का? मंगळवार ते रविवार ना मायामी खेळली, ना नोटर डेम. तरी दोघांची अदलाबदल! नोटर डेमचे दोन पराभव, मायामीकडून २७-२४ आणि ए अँड एमकडून ४१-४०. एकूण चार गुणांचा फरक. त्यानंतर सलग दहा विजय. मायामी लुईव्हिलकडून आणि एसएमयूकडून हरली, ते दोघं पहिल्या बारात तरी होते का?

नीरा_डावा_कालवा
२७-२४ तुम्हीच लिहिलंत. दोघांचे १० विजय, २ पराभव, आणि समोरासमोर मायामी जिंकलेली. अजून काय पाहिजे?

हिरवा_झेंडा
तो सामना ३१ ऑगस्टला झाला होता. मग मंगळवारपर्यंत समितीला तो दिसला नाही का?

माळरान
मतदानाची पद्धत बघा. समितीचे १३ सदस्य सगळी यादी एकदम लावत नाहीत. आधी सहा संघ निवडतात, त्यांना क्रम देतात, वरचे तीन पक्के होतात, खालच्या तिघांत नवे तीन मिसळतात, आणि पुन्हा मतदान. समोरासमोरचा निकाल जवळपास तुल्यबळ ठरलेल्या संघांतच वजन धरतो. मंगळवारी मायामी-नोटर डेमच्या मधे बीवाययू होता. तो टेक्सस टेककडून ३४-७ हरून खाली गेला आणि हे दोघे शेजारी आले. पटो न पटो, कारण हेच दिलं गेलं. माझा आक्षेप अलाबामावर आहे. ५-७ वर संपलेल्या फ्लोरिडा स्टेटकडून पराभव, जॉर्जियाकडून फायनलला २८-७, आणि नववा क्रमांक जागच्या जागी. फायनल हरल्याची शिक्षा बीवाययूला झाली, अलाबामाला नाही.

नीरा_डावा_कालवा
अलाबामानं त्याच जॉर्जियाला त्यांच्या मैदानावर २४-२१ हरवलं होतं, हेही लिहा.

संगणक_आणा
माणसांची समितीच नको. प्लेऑफआधी अंतिम सामन्याचे दोन संघ ठरवणाऱ्या बीसीएस पद्धतीत एक तृतीयांश वजन संगणकांना होतं. तेच परत आणा.

हिरवा_झेंडा
२००३ विसरलात? यूएससी दोन्ही मतचाचण्यांत (एपी आणि प्रशिक्षकांच्या) पहिली होती, तरी अंतिम सामना एलएसयू आणि ओक्लाहोमात झाला. संगणकांमुळेच.

घाटमाथा
आयपीएलसारखा नेट रन रेट का नाही लावत?

माळरान
तिथे दहा संघ एकाच तक्त्यात असतात. इथे २०२५ ला १३६ संघ होते आणि प्रत्येकाचे साखळीत साधारण १२ सामने, बहुतेकांचा एकमेकांशी संबंधच येत नाही. वर मोठ्या फरकानं जिंकायला उत्तेजन मिळू नये, असं समितीचं धोरणच आहे.

पूर्णाकाठ
ड्यूक गेला, २०२५ जुळलं, आभार. पण त्याच शीटमध्ये २०२४ घातलं की बॉइझी स्टेट नववा सीड (मानांकन) येतो. ब्रॅकेटमध्ये (सामन्यांच्या तक्त्यात) तिसरा आहे.

माळरान
२०२४ चा सीडचा नियम वेगळा होता. वरच्या चार चॅम्पियनांनाच १ ते ४ सीड आणि बाय (पहिली फेरी न खेळता पुढे). म्हणून नववा बॉइझी स्टेट तिसरा, बारावा अ‍ॅरिझोना स्टेट चौथा, आणि तिसरा-चौथा असलेले टेक्सस व पेन स्टेट पाचवे-सहावे. सोळावा क्लेमसन पाचवा चॅम्पियन म्हणून आत, अकरावा अलाबामा बाहेर. २०२५ पासून बाराही संघांना सरळ रँकिंगनं सीड मिळतो. वर्षाचा कॉलम घाला आणि सीडचे दोन वेगळे फॉर्म्युले ठेवा.

पूर्णाकाठ
केलं. आता २०२५ च्या पुढच्या फेरीत इंडियानासमोर मायामी येतेय, प्रत्यक्षात अलाबामा होता.

नीरा_डावा_कालवा
उरलेल्यांतला सर्वांत खालचा सीड पहिल्यासमोर, असं लावलंय तुम्ही. इथे फेरीनंतर पुन्हा क्रम लावत नाहीत. ८-९ चा विजेता पहिल्याशी, ७-१० चा दुसऱ्याशी, ६-११ चा तिसऱ्याशी, ५-१२ चा चौथ्याशी. २०२४ ला पहिल्या फेरीत चारही वरचे सीड जिंकले, त्यामुळे तिथे ही चूक दिसत नाही. २०२५ ला नववा अलाबामा आणि दहावा मायामी दोघेही जिंकले, म्हणून उघडी पडली.

हिरवा_झेंडा
आणि अलाबामा इंडियानाकडून ३८-३ हरला. नवव्या क्रमांकाबद्दल अजून कुणाला काही म्हणायचंय?

नीरा_डावा_कालवा
हो. मायामी दहाव्या सीडवरून अंतिम सामन्यापर्यंत गेली.