पालक सभेला का येत नाहीत?

व्हॉट्सअ‍ॅपवर सूचना टाकूनही पालक शाळेच्या सभेला येत नाहीत, अशी शिक्षकांची तक्रार असते. आधी सभेची वेळ तपासा. दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी जोरात असते. बाया सकाळीच वावरात जातात, मजुरी किलोवर मिळते. दुपारी 12 ची सभा म्हणजे अर्ध्या दिवसाची वेचणी बुडाली. त्यापेक्षा संध्याकाळी 7 नंतर समाजमंदिरात किंवा देवळाच्या ओट्यावर अर्धा तास बसा.

फोन बहुतेक घरी बापाजवळ असतो, आईपर्यंत निरोप पोचतच नाही. लांबलचक मजकूर नको. 40 सेकंदांचा आवाजी निरोप, वऱ्हाडीत, एका वेळी एकच गोष्ट. "अभ्यास घ्या" हे फार मोघम झालं. "आज पोरीले जवारीचे 24 दाणे द्या, अन् त्याचे 4 सारखे वाटे कराले सांगा" हे न शिकलेली आईही करून घेते, आणि पोरीला भागाकार कळला की नाही हे तिला चुलीपाशी बसल्या बसल्या दिसतं.

फक्त तक्रारीसाठी बोलावलं तर पालक तोंड चुकवतात, म्हणून वर्षातला पहिला निरोप चांगलाच असू द्या.

शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, असं 2009 चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. त्यांच्या सह्यांसाठी रजिस्टर घरोघरी फिरवू नका. बसवून ठराव वाचून दाखवा, मगच सही घ्या.